न्यूझीलंड, एकटीने गाडी : विमानातून उतरल्याच दिवशी टेकापोपर्यंत जावे का?

कृष्णाकाठ

नमस्कार. येत्या नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर दहा दिवसांसाठी जात आहे. सर्व प्रवास भाड्याच्या गाडीने, स्वतः चालवत करायचा आहे. मूळ बेत दोघींचा होता. मैत्रिणीच्या सासूबाई आजारी पडल्याने तिला तो रद्द करावा लागला आणि तिकीट परत करण्यात निम्म्याहून अधिक पैसे बुडत असल्याने मी एकटीनेच जायचे ठरवले. घरच्यांना ते अजून पुरते पटलेले नाही.

माझे वय ५४ आहे. गेली बावीस वर्षे साताऱ्यात गाडी चालवते आहे. केळघर घाट, आंबेनळी घाट, कासचा रस्ता हे सगळे भर पावसात आणि धुक्यात अनेकदा केलेले आहे. परदेशात मात्र एकदाही चाक हातात घेतलेले नाही आणि माझी गाडी साध्या गिअरची आहे, तिथे ऑटोमॅटिक मिळणार आहे.

प्रश्न पहिल्या दिवसाचा आहे. सिंगापूरहून सुटणारे विमान सकाळी साडेदहाच्या सुमारास क्राइस्टचर्चला उतरते. विमानतळावरच गाडी ताब्यात घेऊन त्याच दिवशी लेक टेकापो गाठायचे, असे आम्ही ठरवले होते. अर्थात तेव्हा दोघी आलटून पालटून चालवणार होतो. नकाशा सुमारे २२५ किलोमीटर आणि तीन तास दाखवतो. टेकापोच्या दोन रात्रींचे पैसे भरून झाले आहेत आणि ते परत मिळणार नाहीत. सातारा ते मुंबई अंतर याहून थोडे जास्तच आहे आणि ते मी सहज करते. शिवाय गाडी तिथेही आपल्यासारखीच डावीकडून चालते. मग अडचण काय, असे एक मन म्हणते. दुसरे मन रात्री दोन वाजता नकाशा उघडून बसते. ज्यांनी हा रस्ता प्रत्यक्ष केला आहे त्यांनी कृपया सांगावे.

घाटवाट

हाच रस्ता मी याच पद्धतीने, म्हणजे उतरल्या दिवशी आणि एकट्याने, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये केला होता आणि पुन्हा तसा करणार नाही.

अंतर बाजूला ठेवा आणि घड्याळ पाहा. नोव्हेंबरमध्ये तिकडची वेळ आपल्यापुढे साडेसात तास असते. तुम्ही उतराल तेव्हा भारतात पहाटेचे तीन वाजलेले असतील. सामान, तपासणी, गाडीच्या काउंटरवरची रांग हे सगळे आटोपून गाडी हातात येईपर्यंत तिकडचे साडेबारा होतील, म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे पाच. ज्या वेळी रातराणीचे चालकसुद्धा गाडी बाजूला घेऊन चहा पितात, त्या वेळी तुम्ही अनोळखी गाडीत, अनोळखी रस्त्यावर, ताशी १०० किलोमीटरने निघालेल्या असाल.

माझी पहिली फजिती तर विमानतळापासून पाच मिनिटांच्या आत झाली. राउंडअबाउट जवळ आला, वेग कमी करायचा म्हणून माझा डावा पाय सवयीने क्लचकडे गेला. ऑटोमॅटिक गाडीत तिथे क्लच नसतो, पण ब्रेकचे पेडल चांगले ऐसपैस रुंद असते, आणि डाव्या पायाला जे सापडेल ते तळापर्यंत दाबण्याचीच सवय असते. गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि शेजारच्या सीटवर ठेवलेले पासपोर्टचे पाकीट पुढच्या काचेवर आपटून खाली पडले. मागची गाडी पुरेसे अंतर राखून होती म्हणून निभावले. त्या गृहस्थाने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. वाजवला असता तर मला कमी लाज वाटली असती.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर होता. कँटरबरीच्या मैदानातला रस्ता दोरी लावून आखल्यासारखा सरळ आहे. दोन्ही बाजूंना वारा अडवण्यासाठी लावलेल्या झाडांच्या भिंती, त्यांच्या मागे शेतात चाकांवर सरकणाऱ्या पाण्याच्या लांबलचक कमानी, आणि पुन्हा झाडांची भिंत. घाटात आपल्याला झोप येत नाही, कारण दर वळणाला हातांना काही तरी काम असते; इथे अर्धा अर्धा तास चाक हलवावे लागत नाही. अॅशबर्टनच्या अलीकडे डाव्या चाकाखाली अचानक घर्र असा आवाज आला. कडेच्या पांढऱ्या रेषेवर मुद्दाम खडबडीत पट्टा केलेला असतो, त्यावर चाक गेले होते. माझे डोळे उघडे होते, असे मी आजही शपथेवर सांगेन, पण मागचे दोन किलोमीटर मला आठवत नव्हते. अॅशबर्टनला एका मोठ्या दुकानाच्या आवारात गाडी लावून पाऊण तास झोपलो.

माझे मत असे की पहिली रात्र क्राइस्टचर्चमध्येच काढावी, विमानतळावरून शहरात जाणारी बस घ्यावी आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी ताब्यात घ्यावी. एका रात्रीचे पैसे जातील, ते जाऊ द्यावेत.

मुक्कामपोस्ट

वरील प्रतिसादाचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडते, कारण असे धागे वाचून पहिल्या दिवसाची विनाकारण धास्ती बसते. मीही एकटीच गेले होते, सकाळी उतरले आणि संध्याकाळी टेकापोला होते. विमानात मला सहा तास चांगली झोप लागली होती, हा फरक मी मान्य करते. परंतु शहरात राहिल्याने प्रश्न सुटतोच असे नाही. बहुतेक ठिकाणी खोली दुपारी दोननंतर मिळते. तोपर्यंत आपण बॅगा घेऊन बागेत बसतो, खोली मिळताच आडवे होतो, आणि रात्री एकला टक्क जागे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घ्यायला जाताना आपण पहिल्या दिवसापेक्षा ताजेतवाने असतोच असे नाही. नोव्हेंबरमध्ये उजेड साडेआठपर्यंत असतो, त्यामुळे अंधाराची घाई नसते.

आणि त्या संध्याकाळीबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. फेअरलीनंतर बर्क्स पास लागतो. नाव ऐकून आपण घाटाची तयारी करतो, पण उंची अवघी ७०९ मीटर आणि चढही असा हळुवार की खंबाटकी चढलेल्या माणसाला तो घाट वाटतच नाही. गंमत पलीकडे आहे. खिंड ओलांडल्यावर आपण उतरण्याची वाट पाहतो आणि उतार येतच नाही, कारण पलीकडचे मॅकेन्झी खोरेच साधारण तेवढ्या उंचीवर आहे. टेकापोचे पाणी ७१० मीटरवर. हिरवी कुरणे मागे पडतात, पिवळट गवताचा उघडा माळ सुरू होतो, आणि त्याच्या टोकाला तो दुधाळ निळा तलाव. हिमनद्यांनी खडक घासून केलेले पिठासारखे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात, त्यामुळे तो रंग येतो. काठावर १९३५ साली बांधलेले दगडी चर्च आहे आणि जवळच मेंढपाळाच्या कुत्र्याचा पुतळा. ज्याच्या नावाने हे खोरे ओळखले जाते तो जेम्स मॅकेन्झी १८५५ साली मेंढ्या चोरल्याबद्दल पकडला गेला होता. चोराचे नाव अख्ख्या प्रदेशाला देणारे लोक मला तेव्हाच आवडले. तुम्ही जाल तेव्हा ल्युपिनच्या जांभळ्या-गुलाबी फुलांचा बहर सुरू झालेला असेल. तिथल्या निसर्गअभ्यासकांच्या लेखी ते उपद्रवी तण आहे, हा भाग वेगळा.

तेव्हा विमानात झोप झाली तर जावे, नाही झाली तर जाऊ नये. हे आत्ताच ठरवण्याची गरज नाही.

दक्षिणवारा

मी अकरा वर्षे क्राइस्टचर्चमध्ये राहतो आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या शेजारी बसून त्यांना गाडी चालवायला देण्याचा बराच अनुभव गाठीशी आहे. झोपेबद्दल वर लिहून झाले आहे. ‘गाडी तिथेही डावीकडूनच चालते’ या तुमच्या वाक्यावर मात्र मी अडलो. युरोप-अमेरिकेतून येणारा माणूस पहिल्या दिवशी घाबरलेला असतो, दर चौकात मनाशी उजळणी करतो. आपल्या माणसाला बाजू ओळखीची वाटते, त्यामुळे तो दहा मिनिटांत सैलावतो आणि हात-पाय साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या सवयीने चालू लागतात. बाजू तीच असली तरी आधी कोणी जायचे याचा हिशेब इथे पूर्णपणे वेगळा आहे.

राउंडअबाउटमध्ये उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. आपल्याकडे ज्याने तोंड घातले तो गेला. इथे उजवीकडून येणारा तुमच्यासाठी थांबणार नाही, कारण तुम्ही थांबणारच हे त्याने गृहीत धरलेले असते. बहुतेक पाहुण्यांची पहिली चूक इथेच होते. लाल दिव्याला डावीकडे वळता येत नाही. ‘फ्री लेफ्ट’ हा प्रकारच नाही. थांबा अशी पाटी असेल तर रस्ता मैलभर रिकामा दिसला तरी चाके पूर्ण थांबली पाहिजेत. समोरून येणारा आणि तुम्ही एकाच रस्त्यात वळणार असाल, तो डावीकडे आणि तुम्ही उजवीकडे, तर आधी तो जातो. पूर्वी हा नियम उलटा होता, मार्च २०१२ मध्ये बदलला. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांत वेगळे वाचले असेल तर ते विसरावे.

दिवे मिचकावण्याचा अर्थही उलटतो. आपल्याकडे समोरच्याने दिवे मारले की ‘मी येतोय, थांब’ असे समजायचे. इथे तोच इशारा सहसा ‘तुम्ही जा’ किंवा ‘पुढे काही तरी अडथळा आहे’ असा असतो. तसेच पुढच्या ट्रकने उजवा दिवा दाखवला तर तो उजवीकडे वळणार आहे; ‘ओव्हरटेक करा’ असे तो सुचवत नाही. माझे सख्खे मामा इथे जवळजवळ ट्रकखाली गेले होते.

महामार्ग म्हणजे एक्स्प्रेसवे असेही समजू नये. क्राइस्टचर्चपासून रोलस्टनपर्यंत दुभाजक असलेला रस्ता आहे, पुढे बहुतेक ठिकाणी एक लेन जायची आणि एक यायची, मध्ये नुसती रंगाची रेघ, आणि दोन्हीकडून शंभरने गाड्या. तुमच्या बाजूला अखंड पिवळी रेघ असेल तर ओव्हरटेक करायचे नाही. वळणाआधी पिवळ्या पाटीवर ६५ किंवा ४५ असा आकडा असतो. तो सक्तीचा नसला तरी पहिल्या दिवशी सक्तीचा मानावा. मागे तीन-चार गाड्या साचल्या तर घाबरून वेग वाढवू नये, सुरक्षित रुंद जागा येताच डावीकडे घेऊन त्यांना जाऊ द्यावे. दुपारी तीनच्या सुमारास मुलांना उतरवण्यासाठी स्कूल बस थांबलेली दिसली तर तुम्ही तिच्या मागून येत असा किंवा समोरून, वेग २० वर आणावा लागतो. हे बहुतेक पाहुण्यांना ठाऊकच नसते.

एकपदरी पुलांची काळजी पहिल्या दिवशी करू नका. परंतु पुढे हास्टमार्गे वेस्ट कोस्टला जाणार असाल तर ते वारंवार लागतील. निळ्या चौकोनी पाटीवर मोठा पांढरा बाण तुमच्या दिशेचा असेल तर आधी तुम्ही. लाल कडेची गोल पाटी आणि तुमच्या बाजूचा बाण लहान व लाल असेल तर आधी समोरचा. पुलावर आधी चाक टाकण्याची शर्यत नसते.

मुक्कामाबद्दल माझी सूचना अशी की क्राइस्टचर्च आणि टेकापो यांच्यामध्ये जेरल्डीन हे टुमदार गाव आहे, क्राइस्टचर्चपासून साधारण १४० किलोमीटर, थांबत थांबत अडीच तास. विमानतळावर उतरल्यावर डोळे जड असतील तर शहरात राहा, बरे असतील तर जेरल्डीनपर्यंत या. त्यापुढे मात्र पहिल्या दिवशी जाऊ नका, मग वाटेत कितीही तरतरी वाटो.

दप्तरदार

रस्त्याबद्दल जाणकारांनी लिहिले आहे, मी कागदांबद्दल थोडक्यात लिहितो. महाराष्ट्रातील परवाना इंग्रजीत छापलेला असला तरी आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवावा, कारण गाडी देणाऱ्या काही कंपन्या तो मागतात. ‘सारथी’ संकेतस्थळावरून अर्ज करता येतो, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. हा परवाना भारतातूनच काढून न्यावा आणि मूळ परवाना सोबत असल्याखेरीज त्याचा उपयोग नाही. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे असावे, कारण अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात. मागील वर्षी माझ्याकडे यजमानाच्या नावाचे कार्ड असल्याने काउंटरवर दीड तास गेला. विम्यात अपघात झाल्यास पहिली किती रक्कम आपल्या खिशातून जाईल, तो आकडा सही करण्यापूर्वी वाचावा. ताबा घेताना गाडीभोवती फिरून, चाकांच्या रिंगांसह, मोबाइलवर चित्रफीत काढावी.

खाद्यपदार्थ आणि बूट विसरू नका. सोबत नेलेला प्रत्येक खाण्याचा जिन्नस प्रवेशाच्या घोषणापत्रात लिहावा. लिहिल्याबद्दल दंड नाही, फार तर वस्तू काढून घेतील. न लिहिता सापडली तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर. डोंगरात वापरलेले बूटही लिहावे लागतात आणि त्यांच्या तळव्याला मातीचा कण नसावा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या बारकाईने कोणी लिहील असे वाटले नव्हते. दक्षिणवारा, तुमचे ‘फ्री लेफ्ट’ वाचून काल पोवई नाक्यावर मी स्वतःकडे लक्ष दिले. दिवा कोणता आहे हे न पाहताच मी डावीकडे वळले होते.

जेरल्डीनचा पर्याय मला पटला आहे. दोन शंका राहतात. टेकापोला पहिल्या रात्री पोहोचलेच नाही तर दुसऱ्या रात्रीची खोलीही जाईल का? आणि डाव्या पायाचे काय करावे?

दक्षिणवारा

पहिल्या रात्री न कळवता गैरहजर राहिल्यास पूर्ण आरक्षण रद्द होऊ शकते. आजच त्यांना लिहा की मी एक दिवस उशिरा येत आहे, दुसऱ्या रात्रीची खोली कायम ठेवा, आणि त्यांचे उत्तर जपून ठेवा.

डावा पाय मागे घ्यावा, टाच सीटच्या खालच्या कडेला टेकवावी आणि तिथून हलवू नये. साताऱ्यात कोणाची ऑटोमॅटिक गाडी मिळाली तर दोन दिवस चालवून पाहा. गाडी शक्यतो जपानी बनावटीची मागा. तिचा इंडिकेटरचा दांडा आपल्यासारखा उजवीकडे असतो. युरोपीय गाडीत तो डावीकडे असतो, आणि मग दर वळणाला कोरड्या काचेवर वायपर फिरतात.

घाटवाट

पाकीट शेजारच्या सीटवर ठेवू नका, एवढीच माझी भर.

कृष्णाकाठ

जेरल्डीनहून लिहीत आहे. आज पहिला दिवस होता, म्हणून आठवण ताजी आहे तोवर नोंदवून ठेवते.

विमानात चार तास झोप झाली, सहा नव्हे. राजगडाला वापरलेले बूट घरी जुन्या टूथब्रशने दोनदा घासले होते. अधिकारीबाईंनी ते उलटे धरून खाचांमध्ये विजेरीचा उजेड टाकला आणि परत दिले. भडंगाचा डबाही मी लिहिला होता. त्यांनी तो उघडून पाहिला, हे काय आहे असे विचारले आणि तोही परत केला. गाडी जपानी मिळाली.

निघण्यापूर्वी विमानतळाच्या आवारातच वीस मिनिटे फेऱ्या मारल्या. डावी टाच सीटला टेकवली होती, तरी पहिल्या सिग्नलला पाय एकदा पुढे सरकलाच. सुदैवाने तोवर गाडी थांबली होती. पहिल्या राउंडअबाउटला उजवीकडून एकामागून एक सात गाड्या गेल्या आणि मी सातही मोजल्या. मागे कोणीही हॉर्न वाजवला नाही. घाटवाट, तुमचे म्हणणे खरे आहे, ती शांतता अंगावर येते.

रकाया नदीवरचा पूल पावणेदोन किलोमीटरचा आहे हे वाचले होते, परंतु खाली नदी एक नसते हे माहीत नव्हते. राखाडी गोट्यांच्या रुंद पात्रात पाण्याच्या दहा-बारा वेगळ्या धारा वेणीसारख्या गुंफत जातात आणि बरेचसे पात्र कोरडेच असते. पुलावर थांबता येत नाही, म्हणून पलीकडच्या गावात गाडी लावून कॉफी घेतली. तिथून पुढे रस्ता सरळ झाला आणि अर्ध्या तासात जांभया सुरू झाल्या. मोठ्याने भीमसेनांचे अभंग लावले, ते उपयोगी पडले नाहीत. अॅशबर्टनला गाडी उभी करून वीस मिनिटांचा गजर लावून झोपले, ते उपयोगी पडले. अडीच तासांच्या रस्त्याला मला पावणेचार तास लागले.

जेरल्डीनला पोहोचल्यावर खरेच तरतरी आली होती. टेकापो फक्त नव्वद किलोमीटर उरले होते, ऊन लख्ख होते, आणि दहा मिनिटे मी गाडीत बसून नकाशा पाहत होते. मग खोलीची किल्ली घेतली, सहज म्हणून पलंगावर टेकले, आणि जाग आली तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता, पायात बूट तसेच. टेकापोच्या मुक्कामवाल्यांनी उद्याची खोली कायम असल्याचे कळवले आहे. आजच्या रात्रीचे पैसे अर्थातच गेले.

आता सव्वाआठ झाले आहेत, बाहेर अजून उजेड आहे आणि भडंगाचा डबा उघडला आहे. उद्या नऊच्या आधी निघणार नाही. मुक्कामपोस्ट, बर्क्स पासनंतर उतार येतो की नाही ते उद्या कळवते.